चौथ्या दिवसाची बाटली

माझं डोकं तापट. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात माझ्या शास्त्राचा दोष थोडा आणि या डोक्याचा जास्त. अजूनही कोणी मला 'आजच करा' म्हटलं की कानशिलं गरम होतात. त्या दोन शब्दांपायी मी एका भल्या माणसाला सगळ्या मोहल्ल्यापुढं नशा पाजणारा ठरवून बसलो होतो. तोंडानं नव्हे, कागदावर, सहीनिशी.

तो माणूस म्हणजे आमचे शरबतवाले चाचा. अकोल्यात मोर्णेच्या पलीकडं, जुन्या शहरात त्यांचं घर, आमच्या वस्तीच्या अगदी तोंडाशी. उन्हाळाभर ते शाळेजवळ हातगाडी लावत. गावातल्या हॉटेलांत तेव्हा आमच्या लोकांसाठी वेगळी कपबशी असे, नाहीतर वरून ओंजळीत पाणी. मी सात-आठ वर्षांचा असेन. चाचांच्या गाडीपुढं सवयीनं ओंजळ धरली, तर माझ्यावर खेकसले, "हात काहून पुढं करतं बे? गिलास फुटला का माहा?" आणि ज्या जाड काचेच्या ग्लासातून आत्ता एक वकील पिऊन गेला होता, तोच माझ्या हातात दिला. त्यानंतर मला पुष्कळ लोक गोड बोलले, पण त्या खेकसण्याची सर कशाला आली नाही.

रमजान लागला की गाडी बंद. त्या महिन्यात चाचा एकच काम करत. खजूर आणि मनुका रात्रभर माठात भिजवायचे, सकाळी फडक्यातून गाळायचे, आणि संध्याकाळी मशिदीच्या अंगणात रोजा सोडणाऱ्याला ते पाणी द्यायचं. त्यांच्या आज्यापासून हे चालत आलेलं. मोहल्ल्यात त्या घराची इज्जत म्हणजे ते दोन माठ, दुसरं काही नव्हतं त्यांच्यापाशी.

आता माझं. वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं त्या सुमाराची ही गोष्ट. आम्ही नुकतेच बौद्ध झालो होतो आणि मी अमरावतीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर लागलो होतो. नोकरी कायम नव्हती. पांढरा कोट घालणारा आमच्या वस्तीतला मी पहिला. कॉलेजात वाकडं कोणी बोलत नसे, पण मी तराजूवर काही मोजलं की कोणीतरी येऊन ते पुन्हा मोजून जाई. दुसऱ्या कोणाचं मोजत नसत. मी दात-ओठ खाई आणि मनाशी म्हणे, एक दिवस असा येईल की माझ्या आकड्याला कोणी हात लावणार नाही. म्हणून मी आकडा तीन-तीनदा काढी आणि एकदा लिहिलेला कधी खोडत नसे.

त्या वर्षी रमजान भर चैत्रात आला. ऊन असं की सकाळी दहालाच रस्ते ओस. चाचांचं पाणी पिऊन कुणा परगावच्या पाहुण्याला अंगणातच गरगरलं. दिवसभर उपाशीपोटी उन्हात हिंडल्यावर गरगरणार नाही तर काय! पण त्यानं उठून सांगितलं की पाण्यात नशा आहे. झालं, कुजबुज सुरू. त्यात दारूबंदीचे दिवस. मशिदीच्या कमिटीचे प्रमुख होते उर्दू शाळेतले निवृत्त हेडमास्तर. त्यांनी चाचांना बोलावून विचारलं, तर चाचाच म्हणाले, "तपासू द्या ना. आमच्याच वस्तीतलं पोरगं अमरावतीले हेच काम करते. त्याच्याकडंच धाडा. तो खोटं लिवनार नाही."

एका गुरुवारी दुपारी हे मास्तर एस.टी.नं अमरावतीला आले. हातात पिशवी, पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली. तोंड सुकलेलं, कारण रोजा. माझ्या टेबलावर बाटली ठेवून म्हणाले, "काल रात्री भिजवलं, आज सकाळी पाच जणांसमोर गाळलं. बूच मी स्वतः लावलं, लाखही मीच लावली. आमचा कायदा सरळ आहे. जे पुष्कळ प्यायल्यानं नशा चढते, त्याचा थेंबही हराम. तुम्ही एवढंच सांगायचं, आहे की नाही."

"सांगतो," मी म्हटलं.

"आणि चाचांनी निरोप दिलाय. म्हणाले, त्याले सांगा, आजच तपास. उद्यावर टाकू नको."

आली माझी कानशिलं तापून. शास्त्राचं काम हा काय हातगाडीवरचा धंदा आहे? शिवाय त्या दिवशी प्रॅक्टिकलची परीक्षा चालू होती, बाहेरगावचे परीक्षक आलेले, वाफ थंड करायची एकही नळी मोकळी नव्हती. मी म्हणालो, "शास्त्राला आज न् उद्या सारखंच असते, मास्तर. जे आहे ते आहे. मंगळवारी या, कागद तयार ठेवतो." ते गेले. खरं सांगायचं तर एक घाणेरडा विचारही मनात येऊन गेला. यांना इतकी घाई काहून?

बाटली मी कपाटात ठेवली. वर टिनाचं छप्पर, खाली चैत्र. शुक्रवारी परीक्षा, शनिवारी परीक्षा, रविवारी कुलूप. सोमवारी मी ती काढली.

लाख फोडली, बूच जरा हलवलं, आणि ते आपसूक उडालं. फट्! छताकडं गेलं आणि कुठंतरी कपाटामागं पडलं. मी चपापलो. आंबूस गोड वास आला. मग चंबूत ते बाटलीतलं पाणी उकळलं, वाफ नळीतून थंड केली, पडलेला अर्क आम्लात मिसळलेल्या नारंगी औषधात टाकला. ही परीक्षा साधी असते. अल्कोहोल नसेल तर नारंगी तसंच राहतं, असेल तर हिरवं होतं. माझ्या डोळ्यांदेखत ते हिरवं झालं. पुन्हा केलं, हिरवं. तिसऱ्यांदाही हिरवं.

चाचा असले म्हणून काय झालं, असं मनाला बजावून मी लिहिलं, नमुन्यात अल्कोहोल आढळले. नमुना मिळाल्याचा दिवस लिहिला, गुरुवार. उघडल्याचा दिवस लिहिला नाही. ते सुचलंच नाही. खाली सही ठोकली. त्या आठवड्यात माझा आकडा पुन्हा मोजायला कोणीही आलं नाही.

मंगळवारी मास्तरांनी कागद उभ्याउभ्या वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पक्कं?"

"तीन वेळा केलं."

त्यांनी कागदाची घडी केली आणि जिना उतरून गेले.

शनिवारी मी अकोल्याला घरी गेलो. मायनं भाकर वाढली, पण रोजच्यासारखी समोर बसली नाही. पाठ करून चुलीशीच बसून राहिली. मी विचारलं तेव्हा बोलली. "काय लिवून देल्लं रे तू? त्या मानसाच्या दारात लोकं थुंकून गेले. मशिदीत त्याचे माठ घेत नाही कोनी. कोनी पोट्टे म्हन्तात, कागद पोलिसात देऊ, दारू गाळते म्हातारा." मग वळून माझ्याकडं पाहिलं. "त्यानं तुले ओंजळीनं पानी नाही पाजलं, बापा. तू त्याले काय पाजलं?"

भाकर ताटात ठेवली. तसाच उठलो.

चाचांच्या अंगणात दोन्ही माठ पालथे पडले होते. चाचा बाजेवर बसले होते, दाढी वाढलेली. मला वाटलं, आता शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "ये बाबू. बस. माय बरी आहे ना?"

"चाचा, मी जे दिसलं ते लिहिलं."

"मंग! तेच लिवाचं असते."

त्यांची ती शांती मला सोसेना. माणूस चुकलेला असला की डोकं आणखीच तापतं. मी एकदम म्हणून बसलो, "मंग आजच तपास, आजच तपास, अशी घाई काहून केली होती तुमी?"

पडद्याआडून चाची कडाडल्या. "घाई? अरे, तीन दिन के बाद तो हम खुद मोरी में फेंक देते हैं!"

"चूप बस," चाचा म्हणाले.

पण त्या थांबल्या नाहीत. पडदा सारून बाहेरच आल्या. "रात को भिगोया, दूसरे दिन पिया, तीसरे दिन तक ठीक. उसके बाद एक घूंट नहीं. बाप-दादा से यही कायदा है. तूने बोतल कब खोली? बोल!"

"सोमवारी."

चाची बोटं मोजू लागल्या. जुमेरात, जुम्मा, सनीचर, इतवार, पीर, म्हणजे गुरुवार ते सोमवार. पाचवं बोट त्यांनी माझ्यासमोर धरलं आणि तसंच धरून ठेवलं.

गोड पाणी, बंद बाटली, टिनाखालची चार दिवसांची भट्टी. पाणी आंबलं होतं. माझ्या कपाटात आंबलं होतं. बूच उडालं तेव्हा ते मला ओरडून सांगत होतं आणि मी ते कपाटामागं शोधत बसलो होतो. पहिल्या वर्षाच्या पोराला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. या अडाणी म्हणवणाऱ्या घराला जे तीन पिढ्या ठाऊक होतं, ते मला पुस्तकं वाचून ठाऊक नव्हतं. लाज वाटली. इतकी लाज मला आयुष्यात पुन्हा वाटली नाही.

"चाचा, चूक माझी आहे. मी आत्ता जाऊन सांगतो."

"कोनाले काही सांगू नको."

"काहून?"

"नको म्हन्तलं ना! झालं ते झालं. घरी जाय, जेव." पहिल्यांदाच आवाज चढला त्यांचा. मला काही समजलं नाही. मला वाटलं, म्हातारा खचला.

मी घरी गेलो नाही, तडक मास्तरांकडं गेलो. सगळं ऐकून ते कपाळावर हात मारून म्हणाले, "मी समजलो, तुम्ही गुरुवारीच उघडली! कागदावर गुरुवारच आहे." मग म्हणाले, "आता तोंडी सांगून कोण मानणार? म्हणतील, शेजाऱ्याची कीव आली म्हणून पलटला. ज्यांनी थुंकलं, त्यांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे."

तिथंच ठरलं. चाचांनी हात लावायला नकार दिला, तेव्हा रविवारी रात्री चाचींनी खजूर भिजवले. सोमवारी मास्तरांनी त्यातली एक बाटली लाख लावून आपल्या कपाटात ठेवली. शुक्रवारी सकाळी ताजं पाणी गाळायचं, आणि दोन्ही मी मशिदीच्या अंगणात सगळ्यांसमोर तपासायचं.

सामान मागायला मी आमच्या विभागप्रमुखांकडं गेलो. ते म्हणाले, "तुमची नोकरी अजून कायम व्हायची आहे. आपलीच सही चुकली हे चारचौघांत सांगायला निघालात. इथवर बातमी येईल. कळतंय ना?"

"कळतंय, सर."

ते उठले. मग काचेची नळी त्यांनी स्वतःच्या टॉवेलात गुंडाळून दिली.

शुक्रवारी अमरावती ते अकोला ती काच मांडीवर घेऊन बसलो. मूर्तिजापूरच्या पुढं रस्ता असा की प्रत्येक खड्ड्याला जीव वर-खाली. तिसऱ्या प्रहरची नमाज आटोपली तेव्हा अंगणात दीडेकशे माणूस जमलेलं. कोणाच्या पोटात पहाटेपासून पाण्याचा थेंब नाही. पुढंच हाताची घडी घालून एक तरणा गडी उभा होता, कागद पोलिसात देऊ म्हणणाऱ्या पोट्ट्यांपैकी. चाचा भिंतीला टेकून, खाली मान घालून बसले होते. मास्तरांनी त्यांना जवळजवळ ओढूनच आणलं होतं.

पेटीतून सामान काढताना माझा हात थांबला. स्पिरिटचा दिवा! पाण्यात अल्कोहोल आहे का ते पाहायला मी मशिदीत अल्कोहोलच जाळणार होतो. एक चूक पोटात घेऊन आलोच होतो, ही दुसरी केली असती तर लोकांनी मला तिथंच बदडलं असतं आणि ते योग्यच झालं असतं. मी मास्तरांच्या कानात सांगितलं. चाचींचा रॉकेलचा स्टोव्ह आला.

"आधी ताजं पाहू," मी मोठ्यानं सांगितलं. "शिळं आधी केलं तर त्याचा अंश भांड्यात राहील, आणि ताज्यावर आळ येईल."

चंबू उकळू लागला. नळीवर गार पाणी ओतायला मास्तर स्वतः लोटा घेऊन उभे राहिले. थेंब पडू लागले. एक, मग कितीतरी वेळानं दुसरा. स्टोव्हच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. सूर्य मिनाराच्या मागं चालला होता. माझ्या मनात नाही नाही ते येत होतं. फडकं जुनं असलं तर? माठाला आधीचं काही लागलेलं असलं तर? रात्रीच्या उकाड्यानं जरासंच आंबलं असलं तर? हिरव्याची एक छटा जरी आली, तरी हा म्हातारा संपला, आणि दोन्ही वेळा मीच संपवला. हात जोडावेत असं वाटलं, पण नव्यानं बौद्ध झालेल्या माणसानं कोणाला जोडावेत तेही मला नीट ठाऊक नव्हतं.

अर्क नारंगी औषधात टाकला. नळी गरम पाण्यात धरली आणि वर उचलली. नारंगी. अजून थांबलो. नारंगीच. तो तरणा गडी दोन पावलं पुढं आला, नळीत डोळा घालून पाहिलं, आणि हाताची घडी सोडली.

मग मास्तरांची सोमवारची बाटली. लाख फुटली आणि बूच उडालं, फट्! या वेळी ते दीडशे माणसांनी ऐकलं. मागं कोणीतरी "या अल्ला" म्हणालं. तिच्यातलं पाणी तसंच उकळून त्याचा अर्क दुसऱ्या नळीतल्या नारंगी औषधात टाकला. नारंगी आधी मळकट झालं, मग हिरवं, भाजीच्या पानासारखं हिरवं.

मास्तर लोकांकडं वळले. "पाणी तेच, घर तेच, हात तेच. फरक दिवसांचा. चौथ्या दिवसापासून हे होते म्हणूनच ते घर तिसऱ्या दिवसानंतर ओतून देते." मग माझ्याकडं पाहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण नाइलाजानं विचारलं, "मग आधीच्या कागदाचं काय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात भिंतीजवळून आवाज आला. चाचा उठून उभे राहिले होते.

"त्या टायमाले बाटली म्याच शिळी देल्ली होती. चुकून देल्ली. पोराचं काही चुकलं नाही. त्याचं शास्तर बरोबर आहे."

मास्तरांची मान खाली गेली. ज्या पाच जणांसमोर ते पाणी गाळलं होतं, ते पाचही तिथं होते. चाचा खोटं बोलत आहेत हे मला ठाऊक होतं, मास्तरांना ठाऊक होतं, त्या पाचांना ठाऊक होतं. आणि तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. त्यांना कागद पाहिल्याबरोबरच कळलं होतं. आपल्या पाण्यात नशा नाही हे ज्याला पक्कं ठाऊक, त्याला बाटली कोणी शिळी केली ते काय कळणार नाही? तरी दारात लोक थुंकत असताना हा माणूस गप्प बसला होता, कारण तोंड उघडलं असतं तर लोक म्हणाले असते, बघा, यांच्यातलं पोरगं शिकलं आणि काय दिवे लावले. माझी पहिली सही त्यांनी आपल्या दोन माठांच्या बदल्यात वाचवली होती. मला रडू फुटलं. दीडशे माणसांसमोर फुटलं.

"चाचा खोटं बोलून राहिले," मी म्हणालो. "बाटली ताजीच आली होती. आजच तपास, असा त्यांचा निरोपही आला होता. मी ऐकला नाही. चार दिवस माझ्या कपाटात पडू दिली. चूक माझी. कागद खोटा आहे."

त्या माणसाला मी दुसऱ्यांदा खोटा ठरवत होतो. फक्त या वेळी माझं बरोबर होतं.

मास्तरांनी खिशातून माझा कागद काढून माझ्या हातात दिला. मी तो फाडला. तेवढ्यात अजान झाली आणि लोक सकाळच्या ताज्या पाण्याच्या माठाकडं सरकले. त्या तरण्या गड्यानं पहिला ग्लास भरला आणि चाचांपुढं धरून, मान वर न करता, उभा राहिला. चाचा प्यायले. मग स्वतः माठाशी बसून एकेकाला देऊ लागले.

मी भांडी धुऊन टॉवेलात गुंडाळत होतो. समोर तो जाड काचेचा ग्लास आला.

"घे," चाचा म्हणाले. डोळे लाल, आवाज शाळेजवळच्या गाडीवरचा. "रोज्यात एक खोटं बोललो तुह्यापायी. तेबी टिकू देल्लं नाही बे तू."

मी ग्लास दोन्ही हातांत धरला आणि प्यायलो.